गोव्यातल्या तरुण गायक-वादकांनी कंपनीकडून मदत कशी मिळवावी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गोव्यातल्या संगीत संमेलनांचा हंगाम. निमंत्रणपत्रिका उघडली की तळाला प्रायोजकांची रांग दिसते: बँक, हॉटेल, औषध कंपनी, बिल्डर, सराफ. हा पैसा सभागृहाला, ध्वनिव्यवस्थेला, बाहेरून येणाऱ्या कलाकाराच्या विमानाला आणि मानधनाला जातो, आणि तो तिथे जायलाही हवा. पण त्याच मंचावर मागे तानपुऱ्याला बसलेल्या मुलीला महिन्यातून दोनदा गुरूंकडे पुण्याला जायचं भाडं कुठून मिळतं, याचा विचार त्या पत्रिकेत नसतो. हा लेख तिच्यासारख्यांसाठी आहे. वय अठरा ते तिशीच्या आत, शिक्षण गांभीर्याने चाललेलं, अजून बरीच वर्षं शिकायचं आहे आणि गाण्यातून कमाई म्हणावी अशी नाही.

माझं मत आधीच सांगते. कंपनीकडे कार्यक्रम मागू नका, शिकायला वेळ मागा. गोव्याच्या थोर गायिका केसरबाई केरकर १९२१ मध्ये उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकू लागल्या आणि १९४६ मध्ये खाँसाहेब गेले तोवर त्या त्यांच्या शिष्या होत्या. एवढी वर्षं शिकायचं तर मागे कोणीतरी उभं राहावं लागतं. खुद्द खाँसाहेबांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आश्रय होता. आपल्याकडे देवस्थानांनी, महाजनांनी, व्यापाऱ्यांनी गाणं पोसलं. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहातले वेगवेगळ्या समाजांचे पार (भजनी मिरवणुका) आणि त्यानिमित्ताने होणाऱ्या गायनाच्या बैठका हे त्याचंच चालू रूप. जुन्या आश्रयाची किंमत कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनी फार जबर मोजली, त्यामुळे तो काळ परत यावा असं मी कधीच म्हणणार नाही. शिकायला लागणारी वर्षं मात्र आज लेखी करारावर, ताठ मानेने मिळवता येतात.

पहिली पायरी: कंपनीच्या आधी सरकारी दार

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. रक्कम मोठी नाही, पण निवड झाली की पुढच्या प्रत्येक अर्जात तिचा उपयोग होतो. कंपनीत तुमचा अर्ज वाचणाऱ्या माणसाला यमन आणि यमन कल्याण यांतला फरक माहीत असण्याची शक्यता कमी. तुम्ही किती पाण्यात आहात हे त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं असतं. आकाशवाणीची श्रेणी, आकाशवाणीच्या संगीत स्पर्धेतलं बक्षीस, कला अकादमीच्या संगीत विभागातलं शिक्षण, गुरूंचं पत्र या सगळ्याचा उपयोग तिथे होतो. आकाशवाणीची ऑडिशन दिली नसेल तर पणजी केंद्रात चौकशी करून अर्ज भरून ठेवा. पाटो, पणजी इथल्या संस्कृती भवनात कला आणि संस्कृती संचालनालय आहे. तिथे जाऊन चालू योजनांची माहितीपत्रकं प्रत्यक्ष घेऊन या, फोनवर सगळं कळत नाही.

दुसरी पायरी: कंपनीचे दोन खिसे ओळखा

निम्मे अर्ज फुकट जातात ते इथे. कंपनीचे दोन खिसे असतात आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला खिसा सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी). कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आदल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायची. ही कामं कोणती ते कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलं आहे आणि त्यात राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन, तसंच पारंपरिक कलांचा विकास स्पष्ट शब्दांत आहे. तुमच्या अर्जात या परिशिष्टाचा आणि त्यातल्या पाचव्या मुद्द्याचा उल्लेख हवाच. बहुतेक कंपन्या शाळा, आरोग्य, स्वच्छता यांपलीकडे पाहत नाहीत, कारण संगीत त्या यादीत बसतं हे कोणी त्यांच्यासमोर मांडलेलंच नसतं.

कायदा असंही सांगतो की कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. म्हणजे कारखाना कुंडईला असेल तर फोंडा तालुक्यातल्या मुलांसाठीची योजना तिला जवळची. आणि ज्या कंपनीची वर्षाची सीएसआर रक्कम ५० लाखांपर्यंतच आहे, तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. गोव्यातल्या मध्यम कंपन्यांच्या बाबतीत हे फार सोयीचं पडतं, कारण दोन-तीन माणसांशी बोलून विषय पुढे जातो.

आता अट. मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमातच लिहिलं आहे. म्हणून "आम्ही तुमचा मोठा बॅनर लावू" हे वाक्य सीएसआरच्या अर्जात घातलं की अर्ज तिथेच संपला.

दुसरा खिसा जाहिरातीचा. इथे बॅनर, लोगो, पत्रिकेवरचं नाव, समाजमाध्यमांवरचा उल्लेख सगळं चालतं, किंबहुना तेच विकत घेतलेलं असतं. निर्णय मार्केटिंगचा माणूस घेतो, लवकर घेतो, रक्कम लहान असते आणि पुढच्या वर्षी तो माणूस बदलला की ओळखही संपते. एखादी मैफल, एखादा अल्बम यासाठी हा खिसा ठीक. दोन वर्षांच्या तालमीसाठी सीएसआरच गाठायला हवं. सहकारी पतसंस्था, सराफी पेढ्या, लहान हॉटेलं यांना सीएसआरचा कायदा बहुधा लागू नसतो. त्यांचा पैसा जाहिरातीचा किंवा सरळ आवडीचा असतो, आणि तो आवडीचा पैसा गोव्यात अजून बराच आहे.

तिसरी पायरी: संस्थेचा हात धरा

कंपनी सीएसआरची शिष्यवृत्ती स्वतः राबवू शकते, पण बहुतेक कंपन्या ते काम संस्थेमार्फत करतात. अशी संस्था म्हणजे नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. तिच्याकडे आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुम्ही एकटे यात कुठे बसत नाही, आणि "मला मदत करा" हा सीएसआरचा प्रकल्पही होत नाही.

त्यामुळे तुमच्या गावातली, तालुक्यातली संगीत संस्था गाठा. जिथे वर्षानुवर्षं गुरुपौर्णिमा, बैठका, स्पर्धा होतात, जिथे हार्मोनियमच्या पेट्या कपाटात नीट ठेवलेल्या असतात आणि हिशेबाची वही कोणीतरी निवृत्त शिक्षक सांभाळतो, अशी संस्था प्रत्येक तालुक्यात एखादी तरी सापडते. त्यांना विचारा: ८०जी आहे का? सीएसआर-१ केलंय का? बऱ्याचदा पहिलं असतं, दुसरं नसतं. तो फॉर्म ऑनलाइन भरता येतो, सीए, सीएस (कंपनी सचिव) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. ते काम तुम्ही अंगावर घ्या. मग संस्थेच्या नावाने चार-पाच विद्यार्थ्यांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती योजना मांडा. निवड करणाऱ्या समितीत तुमचे स्वतःचे गुरू नसावेत, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. तुमचं नाव निवडीत आलं नाही तर वाईट वाटेल, पण तुमच्या गावात योजना उभी राहिली असेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांनाही हाच मार्ग आहे. पणजीत चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो यांसारखी वाद्यं शिकवतं. देणगीवर चालणाऱ्या संगीतशिक्षणाचा तो आपल्या दाराशी असलेला नमुना. देशपातळीवरचा मोठा नमुना म्हणजे आयटीसी कंपनीने १९७० च्या दशकात कोलकात्यात उभारलेली संगीत रिसर्च अकादमी. गुरू तिथेच राहतात आणि निवडलेले शिष्य शिष्यवृत्तीवर त्यांच्याजवळ राहून शिकतात. गोवा सोडून राहायची तयारी असेल तर तिथे थेट अर्ज करण्याचा विचार जरूर करा.

चौथी पायरी: कोणाकडे जायचं

सीएसआरचं राष्ट्रीय पोर्टल आहे. त्यावर राज्य निवडलं की गोव्यात कोणत्या कंपनीने कशावर किती खर्च केला ते दिसतं. एक दुपार काढून ते बघा आणि दहा-बारा नावांची यादी करा. खाणींवर उभी राहिलेली जुनी घराणी, वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्या, वास्कोतलं गोवा शिपयार्ड, मोठी हॉटेलं. ज्यांनी आधी कला-संस्कृतीवर काही दिलं आहे ते यादीत वर. पणजीतल्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्सच्या कार्यक्रमांनाही संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन जा.

कोणाचा पैसा घ्यायचा नाही, हेही आताच ठरवा. सिगारेट-तंबाखूच्या ब्रँडचं नाव मिरवून शिष्यवृत्ती घेणं २००३ च्या कायद्याने बंदच आहे. मद्य आणि कसिनो यांचा पैसा गोव्यात मुबलक. त्याबद्दल घरात आणि गुरूंशी आधी बोला. माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. देवळात गाणाऱ्या मुलीच्या नावापुढे कसिनोचं नाव लागलं तर त्याचा त्रास तिलाच होईल, कंपनीला नाही.

पाचवी पायरी: हिशेब

"आर्थिक मदत व्हावी ही विनंती" या वाक्यावर कोणी पैसे देत नाही. किती आणि कशासाठी, ते लिहा. खालचे आकडे निव्वळ नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा.

समजा एक विद्यार्थिनी फोंड्याची, गुरू पुण्यात. महिन्यातून दोन फेऱ्या, प्रत्येकी २,००० रुपये जाऊन-येऊन: ४,०००. तिथली राहणी: ३,०००. गुरूंचं शुल्क: ६,०००. घरी तबलजीबरोबर महिन्याला सहा बैठका, प्रत्येकी ७००: ४,२००. महिन्याचे झाले १७,२००, वर्षाचे २,०६,४००. शिवाय एकदाच लागणारे: तानपुरा ४५,००० आणि चांगलं ध्वनिमुद्रण २५,०००. पहिल्या वर्षी एकूण २,७६,४०० रुपये.

तबलजीची ओळ बघा. हीच ओळ मुलं लिहायची विसरतात, कारण मित्र फुकट येऊन बसतो. तो मित्रही शिकणाराच आहे, त्याचेही कष्ट आहेत. विलंबित एकतालात तास-दीड तास ठेका धरून बसणाऱ्याला मानधन मिळालं तर एकाच शिष्यवृत्तीत दोघं तगतात. कंपनीलाही ते सांगा.

तानपुऱ्याच्या ओळीखाली देखभालीची ओळ घाला. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाद्य तिथूनच आणा. पण आपल्याकडे जूनपासून हवा अशी ओली असते की तारा गंजतात, जवारी (तारेला गुंज देणारी घोडीची घडण) बिघडते, भोपळ्याला बुरशी धरते. तारांचे संच आणि वर्षातून एकदा मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून घेणं हा खर्च गोव्यात चैनीचा नाही. गाणं न समजणाऱ्या अधिकाऱ्यालाही हा तपशील पटतो, कारण पावसाळ्यात त्याच्या घरातलं कपाटही बुरसटतं.

सहावी पायरी: पत्र आणि ध्वनिमुद्रण

पत्र एका पानाचं. कंपनीला इंग्रजीत, पतसंस्थेला किंवा पेढीला मराठीत. पहिल्या परिच्छेदात संगीताची थोरवी, सामवेद, "भारतीय संस्कृतीचा अमूल्य ठेवा" यांतलं काही नको. असं सुरू करा:

"आमची संस्था फोंडा तालुक्यात शास्त्रीय संगीत शिकवते. तालुक्यातल्या पाच विद्यार्थ्यांना दोन वर्षं गुरूंकडे नियमित शिकता यावं यासाठी आम्ही शिष्यवृत्ती सुरू करत आहोत. एका विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा खर्च २,७६,४०० रुपये आहे, त्याचा तपशील सोबत जोडला आहे. आपण दोन विद्यार्थ्यांची जबाबदारी घ्यावी अशी विनंती आहे."

एवढ्यात कोण, काय, किती आणि त्यांनी काय करायचं हे सगळं आलं. सोबत नोंदणीच्या प्रती, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि गुरूंचं पत्र.

ध्वनिमुद्रण दोन प्रकारचं ठेवा. दीड-दोन मिनिटांचा एक तुकडा, ज्यात मध्यलय किंवा द्रुतातला आवाजाचा फिरतेपणा कळेल, आणि दहा-बारा मिनिटांची सलग, न कापलेली आलापी-बढत. पहिला अधिकारी ऐकेल. दुसरा तो आपल्या ओळखीच्या जाणकाराला पाठवेल, आणि तो जाणकार हमखास असतो. प्रतिध्वनी आणि कृत्रिम गोडवा घालून आवाज सजवू नका. जाणकाराला पहिल्या स्वरात कळतं.

सातवी पायरी: वेळ

आर्थिक वर्ष मार्चला संपतं. पुढच्या वर्षाचं सीएसआरचं नियोजन साधारण एप्रिल ते जुलै या काळात होतं, तेव्हा अर्ज टेबलावर हवा. म्हणजे तयारी शिगम्याच्या सुमाराला. जानेवारी-फेब्रुवारीत काही कंपन्यांकडे उरलेली रक्कम असते, ती संधी सोडू नका. हॉटेलवाल्यांना पर्यटनाच्या हंगामात गाठू नका, पावसाळ्यात ते भेटतात आणि बोलतात. चतुर्थीच्या आठवड्यात कोणालाच काही विचारू नका.

भेटीला संस्थेचा एक जण आणि एक विद्यार्थी, दोघंच. गायला सांगितलं तर तिथे टेबलासमोर गाण्याची सक्ती मानू नका. "आमच्या बैठकीला या" म्हणा, तारीख द्या आणि आणायची व्यवस्था करा.

आठवी पायरी: करार

पैसे देणारा माणूस भला आहे म्हणून करार टाळू नये. साध्या भाषेत दोन पानं पुरतात, पण पुढच्या गोष्टी त्यात हव्यात.

पैसे कधी येणार: तिमाहीला, आगाऊ. वर्षाअखेरीस "बिलं दाखवा, मग देऊ" असं ठरलं तर ज्याच्याकडे पैसे नाहीत तोच आधी खर्च करणार, म्हणजे योजनेचा हेतूच गेला.

कंपनीसाठी किती वेळा गायचं: जाहिरातीच्या खिशातून पैसे असतील तर वर्षातून एक किंवा दोन बैठका, वेळ आणि जागा आधी ठरवून. जेवणं चालू असताना कोपऱ्यात गाणं नाही, हे लिहूनच घ्या. गुरूंची परवानगी लागत असेल तर तेही लिहा.

नाव कुठे लागणार: पत्रिकेवर, प्रवेशद्वाराशी, निवेदनात. गाणाऱ्याच्या डोक्यामागे बॅनर नको, भाषणं दहा मिनिटांत. प्रायोजकांना हे सांगायला आयोजक घाबरतात. स्वच्छ शब्दांत विचारलं तर बहुतेक जण मान्य करतात.

ध्वनिचित्रमुद्रण कोणाचं: आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे स्वतःचे हक्क आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. कंपनीला तिच्या अहवालासाठी, संकेतस्थळासाठी वापर द्या. "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ दिसली तर सही न करता परत पाठवा.

आवाज बसला, हात दुखावला, घरात आजारपण आलं तर काय: तीन-चार महिने शिष्यवृत्ती चालू राहील आणि मुदत तेवढी वाढेल, असं कलम घाला. वीस-बावीसच्या वयात कंठाचा त्रास अनेकांना होतो आणि नेमकं तेव्हाच गायचा दबाव आला तर कायमचं नुकसान होतं. करारातल्या सगळ्या कलमांत मी सर्वात जास्त आग्रह याच कलमाचा धरते.

नववी पायरी: कर

पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं. व्यावसायिक मानधनावर ठराविक रकमेनंतर १० टक्के टीडीएस कापला जातो, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि विवरणपत्र भरून परतावा मिळवा. शास्त्रीय संगीताच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, मात्र ब्रँडचा चेहरा म्हणून केलेल्या कामाला ही सूट नाही. शिष्यवृत्ती, मानधन आणि प्रायोजकत्व या तिन्हींचा कर वेगळा बसतो, म्हणून करारावर सही करण्याआधी तो मसुदा एखाद्या सीएला दाखवा.

पैसे सुरू झाल्यावर

दर तिमाहीला एक पानाचा अहवाल पाठवा, न मागता. त्यात कोणता राग, कोणती बंदिश शिकायला घेतली, किती तालमी झाल्या, कुठे गायलात, किती खर्च झाला. "बागेश्रीची विलंबित बंदिश अजून बसलेली नाही, पुढचे दोन महिने तीच चालेल" असं खरं लिहा. वर्षातून एकदा संस्थेत छोटी बैठक ठेवून कंपनीच्या लोकांना कुटुंबासह बोलवा, राजीव गांधी कलामंदिर किंवा रवींद्र भवनासारखं मोठं सभागृह घ्यायची गरज नाही. मुदत संपायच्या सहा महिने आधी पुढच्या दोन वर्षांचं पत्र द्या. त्या पत्रात तुमच्या जागी येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याचं नाव असेल तर उत्तमच. नकार आलेल्या कंपन्यांनाही पहिल्या वर्षाचा अहवाल पाठवत राहा. त्यांचं नियोजन पुन्हा एप्रिलमध्ये सुरू होतं.